आनंदवनातील परीक्षा

एकनाथी भागवताच्या एकतिसाव्या अध्यायाच्या अखेरीस नाथांनी ग्रंथसमाप्तीची जी नोंद केली आहे, ती मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने सावकाश वाचावी अशी आहे. ग्रंथाचा आरंभ प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणास झाला. तेथे पहिले पाच अध्याय सिद्ध झाले आणि उरलेला सर्व ग्रंथ आनंदवनात, म्हणजे वाराणसीत, मणिकर्णिकेच्या तीरावर पूर्ण झाला, असे नाथ सांगतात. समाप्तीची तिथी कार्तिक शुद्ध पौर्णिमा. वर्ष मात्र ते दोनदा आणि दोन रीतींनी देतात. काशीच्या गणनेप्रमाणे विक्रम संवत १६३० आणि स्वदेशीच्या, म्हणजे गोदातीरीच्या गणनेप्रमाणे शालिवाहन शके १४९५. इसवी सनाच्या हिशेबाने हे वर्ष १५७३ होय. एकाच ग्रंथाच्या शेवटी दोन प्रदेशांची कालगणना लिहिणाऱ्या ग्रंथकारासमोर दोन वाचकवर्ग होते, हे उघड आहे. ज्यांच्यासाठी तो लिहीत होता ते गोदावरीकाठी होते. ज्यांच्यासमोर तो लिहीत होता ते गंगेकाठी.

या दोन वर्गांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रबंध लिहिणे आणि तो जाणत्यांच्या सभेत उभे राहून राखणे या गोष्टी आज आपण विद्यापीठीय शिक्षणाचा भाग म्हणून ओळखतो आणि त्यांचे मूळ युरोपात शोधतो. पदवीपुरते पाहिले तर ते बरोबरच आहे. परंतु ग्रंथ सभेपुढे ठेवायचा, आक्षेप ऐकायचे, उत्तर द्यायचे आणि मान्यता मिळवायची, हा व्यवहार काशीने शतकानुशतके चालवला. त्या व्यवहारातील मराठी भाषेपुरते सर्वांत मोठे प्रकरण म्हणजे नाथांचे भागवत. तेथे परीक्षा ग्रंथकाराच्या विद्वत्तेची तर होतीच, परंतु मुख्य प्रश्न असा होता की हा विषय या भाषेत मांडण्याचा अधिकार कोणाला आहे काय.

कथा सर्वांना ठाऊक आहे. नाथांच्या भागवतटीकेचे आरंभीचे अध्याय काशीस पोहोचले. व्यासांचा ग्रंथ प्राकृतात उतरवला म्हणून तेथील पंडित व संन्यासी रुष्ट झाले. नाथांना बोलावणे गेले. ते आले, त्यांनी आपली बाजू मांडली. सभेचे समाधान झाले आणि ग्रंथाची मिरवणूक निघाली. ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः संतचरित्रकारांकडून. महिपतीबुवांनी ती ‘भक्तलीलामृता’त, १७७४ साली, विस्ताराने रंगविली. घटना आणि कथन यांत सरळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. महिपती श्रद्धेने लिहितात आणि त्यांना हवा असलेला शेवट त्यांना आधीच माहीत असतो. तथापि कथेचा सांगाडा ग्रंथातील नोंदीशी जुळतो. पाच अध्याय पैठणास आणि सव्वीस अध्याय काशीत हा बदल का झाला, याचे स्पष्टीकरण कथा देते. आणि कथा नाकारली तर दुसरे स्पष्टीकरण आपल्याला शोधावे लागते. तीर्थयात्रा हे कारण पुरेसे नाही. अठरा हजार आठशेच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ कोणी यात्रेच्या मुक्कामात लिहीत नाही.

येथे एक दुसरी तिथी उपयोगी पडते. नाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे आख्यानकाव्यही वाराणसीतच पूर्ण झाले. शके १४९३ मधील रामनवमी, म्हणजे १५७१ चा चैत्र, अशी त्याची तिथी त्या काव्यातच दिलेली आहे. चैत्र १५७१ ते कार्तिक १५७३ हा काळ अडीच वर्षांहून थोडा अधिक भरतो. या दोन्ही तिथींना नाथ काशीत होते एवढे ग्रंथच सांगतात, आणि मधल्या काळात सव्वीस अध्यायांचे काम झाले आहे हे ध्यानात घेतले तर एका दीर्घ वास्तव्याखेरीज दुसरा निष्कर्ष काढणे अवघड आहे. चरित्रकारांनी जी परीक्षा एका सभेत, एका दिवसात उरकली, ती वस्तुतः वर्षांची गोष्ट असली पाहिजे. नाथ परीक्षकांच्या गावात राहिले, तेथील घाटावर बसून लिहीत राहिले आणि लिहिलेले तेथल्या तेथे वाचले जात राहिले. आपल्याकडील प्रबंधकार आधी ग्रंथ पुरा करतो आणि मग परीक्षकासमोर जातो. नाथांनी एक षष्ठांशाहून कमी अध्याय घेऊन परीक्षा दिली आणि उरलेला ग्रंथ परीक्षकांच्या डोळ्यांदेखत लिहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सर्व प्रकरणातील सर्वांत धाडसी भाग आहे. मिरवणुकीतील पालखी आणि हत्ती यांच्या वर्णनात तो झाकून गेला.

मग तयारीचे काय? नाथांची तयारी पाहायची तर भागवताचा पहिला अध्याय उघडावा. तो पैठणास लिहिलेला आहे. म्हणजे बोलावणे येण्यापूर्वीचा आहे. तरीही त्यात भाषेच्या प्रश्नावरचा सारा युक्तिवाद सिद्ध आहे. संस्कृत ही देवाने निर्माण केली असे म्हणणाऱ्याला नाथ विचारतात, तर मग प्राकृत कोणा चोराच्या घरून आली की काय? गाईच्या रंगावरून दुधाचे दूधपण ठरत नाही, असा घरगुती दृष्टान्त ते देतात. देवाला वाणीचा अभिमान नाही, अर्थाशी त्याचे नाते आहे, हा त्यांचा सिद्धान्त. उपरोध, दृष्टान्त आणि सिद्धान्त या क्रमाने आलेली ही मांडणी एखाद्या भाविकाची सहज ऊर्मी नाही. आक्षेप कोणत्या शब्दांत येणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याची ती आखणी आहे. पैठण हेही धर्मनिर्णयाचे पीठ होते. ज्ञानेश्वरादी भावंडांच्या शुद्धिपत्राची कथा त्याच नगरीत घडते. त्या गावच्या माणसाला काशीच्या सभेचा सूर अनोळखी असण्याचे कारण नव्हते.

शास्त्रीय ग्रंथरचनेत या आखणीला नाव आहे. मीमांसकांचे अधिकरण पाच अंगांचे असते: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. यांतले पूर्वपक्ष हे अंग आपल्या आजच्या प्रबंधांत सर्वांत दुबळे असते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. पण ते त्याने मांडले असते त्याहून अधिक बळकट करून आपण मांडायचे असते. शंकराचार्यांच्या भाष्यात पूर्वपक्ष वाचताना कित्येकदा विद्यार्थी त्यालाच सिद्धान्त समजून बसतो, इतका तो जोरकस असतो. ज्याने हे केले त्याला सभेत नवा आक्षेप क्वचितच ऐकावा लागतो. नाथांनी भाषेचा आक्षेप स्वतःच ग्रंथाच्या तोंडाशी आणून बसवला, यातच त्यांची अर्धी परीक्षा झाली होती.

उरलेली अर्धी प्रामाण्याची. भागवताच्या एकादश स्कंधाचे एकतीस अध्याय आणि त्यांतले सुमारे तेराशे सदुसष्ट श्लोक नाथ एकेक घेऊन चालतात. श्रीधरस्वामींच्या ‘भावार्थदीपिके’चा आधार ते घेतात, आणि श्रीधरांची टीका काशीत मान्य होती. अर्थ श्रीधरांच्या परंपरेतला आणि वाणी ज्ञानेश्वरांच्या परंपरेतली, अशी ही घडण आहे. आक्षेपकाला अर्थात दोष दाखवता येत नाही, म्हणून त्याला भाषेवर यावे लागते. आणि भाषेचे उत्तर पहिल्याच अध्यायात तयार आहे. ग्रंथकार वादपटू होता, हे त्याच्या भक्तांनी फारसे बोलून दाखवले नाही. शांतिब्रह्म म्हणून ज्याची पूजा झाली त्याच्या हाती तर्काचे शस्त्र पाहणे बहुधा त्यांना रुचले नसावे.

परीक्षक कोण होते? नावानिशी कोणाला सभेत बसवणे इतिहासाला परवडणार नाही. परंतु त्या वर्षांतील काशीचे चित्र आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे आणि ते विलक्षण आहे. नाथांच्याच पैठणहून रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत येऊन स्थायिक झाले होते. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे नाथ काशीत असताना साठीच्या घरात होते. ‘त्रिस्थलीसेतु’ आणि ‘प्रयोगरत्न’ यांचे कर्ते, काशीविश्वनाथाच्या मंदिराच्या पुनर्बांधणीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते हेच. राजा तोडरमलाच्या घरच्या श्राद्धप्रसंगी गौड व मैथिल पंडितांशी झालेल्या वादात त्यांचा जय झाला, असे त्यांच्या पुत्राने रचलेला कुलवृत्तान्त सांगतो. पुढे याच घराण्यात ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट झाले, नीळकंठभट्ट झाले, आणि १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट झाले.

म्हणजे काशीची पंडितसभा ही मराठी कानांना परकी नव्हती. तीतील कित्येकांच्या घरात मराठी बोलली जात होती. स्वयंपाकघरात, सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारात, लेकरांशी बोलताना. लेखणी हाती घेतली की मात्र संस्कृत. एरवी मराठी ओवीवर आक्षेप घ्यायला ती समजली कशी असती? नाथांचा ग्रंथ काशीत तपासला जाऊ शकला याचे कारणच हे की तपासणाऱ्यांत गोदातीरीची माणसे होती. वादी आणि परीक्षक यांची मातृभाषा एकच असण्याचा संभव मोठा आहे, आणि वाद त्या मातृभाषेच्या अधिकाराबद्दल होता. परप्रांतीयांनी मराठीला अडवले आणि नाथांनी त्यांना जिंकले, असा जो अभिमानाचा सूर आपल्या व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येतो, तो म्हणूनच टिकणारा नाही. हा घरातला वाद होता, आणि घरातले वाद अधिक कडवट असतात.

सभेचा व्यवहार कसा चाले याचे अधिक स्पष्ट पुरावे पुढच्या शतकातले आहेत. विश्वनाथमंदिरातील मुक्तिमंडपात पंडित जमत. महाराष्ट्रातून एखाद्या जातीच्या अधिकाराविषयी वा आचाराविषयी प्रश्न येई. त्यावर ऊहापोह होऊन निर्णयपत्र लिहिले जाई आणि त्यावर उपस्थितांच्या संमती पडत. १६५७ साली देवरुखे ब्राह्मणांच्या प्रकरणी दिलेल्या अशा निर्णयपत्रावर सत्तरहून अधिक पंडितांच्या सह्या आहेत. सह्यांत दाक्षिणात्य नावांची गर्दी आहे. शहाजहानकडून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर माफ करवून घेणारे कवीन्द्राचार्य सरस्वती हेही मूळचे गोदातीरचेच. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची १९२१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाली, तीत दोन हजारांहून अधिक ग्रंथनामे आहेत. फ्रेंच प्रवासी बर्निए याच काळात काशीत आला होता. या नगराला तो एक प्रकारचे विद्यापीठ म्हणतो, पण येथे महाविद्यालये नाहीत, वर्ग नाहीत, असेही नोंदवतो. गुरू आपापल्या घरांत किंवा नगराबाहेरच्या बागांत शिकवतात. कोणाकडे चार शिष्य, कोणाकडे सहा-सात, फार नामांकित असेल त्याच्याकडे बारा-पंधरा. आणि शिष्य दहा-बारा वर्षे राहतात. नाथांच्या अडीच वर्षांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. काशीच्या मापाने ती फार मोठी मुदत नव्हती.

नाथांच्या ग्रंथाला असे कोणतेही निर्णयपत्र जोडलेले नाही. त्याची जागा लोकांनी चमत्काराने भरून काढली. ग्रंथ गंगेत टाकला आणि गंगेने तो वर उचलून धरला, ही कथा कीर्तनांतून अजूनही रंगते. याच नगरात, याच दशकात, दुसऱ्या एका लोकभाषेतील ग्रंथाविषयीही तशीच कथा प्रचलित आहे. तुलसीदासांनी ‘रामचरितमानसा’चा आरंभ अयोध्येत संवत १६३१ च्या रामनवमीस केला, नाथांच्या ग्रंथसमाप्तीनंतर पाच महिनेही झाले नव्हते. तो ग्रंथ काशीच्या पंडितांना खटकला आणि विश्वनाथाच्या गाभाऱ्यात रात्रभर ठेवल्यावर त्यावर प्रत्यक्ष शिवाची संमती उमटली, असे सांगतात. मराठीसाठी गंगेने ग्वाही दिली, अवधीसाठी विश्वनाथाने. दोन्ही कथांत सभेच्या निर्णयावर लोकांचा विश्वास नाही, हे लक्षणीय आहे. पंडितांनी युक्तिवाद ऐकला आणि त्यांना तो पटला, असे म्हणण्यापेक्षा नदीने साक्ष दिली असे म्हणणे जनमनाला अधिक संभाव्य वाटले. पंडितवर्गाविषयीचा याहून कठोर अभिप्राय शोधून सापडणार नाही. मात्र या कथांनी नाथांवरही अन्याय केला आहे. नदीने ग्रंथ तारला म्हटले की ग्रंथकाराच्या उत्तराला काही किंमत उरत नाही.

उत्तर देण्याचेही शास्त्र होते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी कथेचे, म्हणजे शास्त्रचर्चेचे, तीन प्रकार केले: वाद, जल्प आणि वितंडा. सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद; जिंकण्यासाठी चालतो तो जल्प; स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडायची ती वितंडा. वाद गुरूशी, सहाध्यायांशी करावा. जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकार हद्दपार करत नाही. कोवळ्या रोपाभोवती काट्यांचे कुंपण घालावे तसा त्यांचा उपयोग तो सांगतो. याशिवाय बावीस निग्रहस्थाने आहेत, म्हणजे जेथे सापडला असता वक्ता हरला असे मानायचे ती ठिकाणे. विषय सोडून दुसरेच बोलणे हे अर्थांतर. सभेला कळलेले आणि तीनदा उच्चारलेले प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याला पुन्हा सांगता न येणे हे अननुभाषण. उत्तर न सुचणे ही अप्रतिभा. काही काम आठवल्याचे निमित्त करून उठून जाणे हा विक्षेप. आणि प्रतिपक्षाची चूक दिसत असून ती न दाखवणे याला ‘पर्यनुयोज्योपेक्षण’ असे भारदस्त नाव आहे. हा शेवटचा दोष वस्तुतः परीक्षकाचा होय.

प्रस्तुत लेखकाला परीक्षक म्हणून बऱ्याच मौखिक परीक्षांना बसण्याचा योग आला आहे, आणि ही बावीस नावे तेथे वारंवार आठवतात. उमेदवाराने प्रबंधाचा सारांश वीस मिनिटे वाचायचा, परीक्षकाने अहवालातील चार शंका वाचून दाखवायच्या, उमेदवाराने त्यांची लिहून आणलेली उत्तरे वाचायची आणि मग चहा, असा क्रम बहुतेक ठिकाणी रूढ झाला आहे. अप्रतिभा येथे क्षम्य असते. विद्यार्थी घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. अननुभाषण मात्र चिंतेचे आहे. ‘तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध असलेले मत तुमच्या शब्दांत सांगा’ एवढाच प्रश्न विचारला तर चांगले चांगले उमेदवार अडखळतात, कारण पाच वर्षांत ते मत त्यांनी कधी मनापासून ऐकलेलेच नसते. एका मौखिकीत, नाथांच्याच भारुडांवरील प्रबंधाच्या, अशा प्रश्नावर उमेदवाराऐवजी मार्गदर्शकच उत्तर देऊ लागले आणि सभेत कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी मौखिक परीक्षा विभागातील प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी व इतर जिज्ञासू तज्ज्ञ यांना खुली ठेवण्यास सांगितले. दार उघडले हे चांगलेच झाले. परंतु सभा भरते ती केवळ उघड्या दारामुळे नव्हे; बसलेल्याला विषय कळावा लागतो आणि प्रश्न विचारण्याची मुभा त्याने वापरावी लागते.

काशीची सभाही प्रत्येक वेळी वादाच्या पातळीवर राहिली असे मानणे भाबडेपणाचे होईल. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत स्वामी दयानंद सरस्वती आणि काशीचे पंडित यांच्यात झालेला शास्त्रार्थ याचे उदाहरण आहे. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह अध्यक्षस्थानी होते. पंडितांच्या बाजूने ताराचरण तर्करत्न, स्वामी विशुद्धानंद आणि आपले बाळशास्त्री रानडे हे प्रमुख होते. बाळशास्त्री त्या वेळी तिशीतले होते; काशीतील संस्कृत पाठशाळेत त्यांनी पुढे व्याकरणाची एक थोर शिष्यपरंपरा निर्माण केली. विषय होता मूर्तिपूजेला वेदाचा आधार आहे काय. तेथून चर्चा धर्माच्या लक्षणावर गेली, तेथून व्याकरणातील एका संज्ञेवर, आणि शेवटी ‘पुराण’ हा शब्द विशेषण की नाम यावर. अंधार पडू लागला. एक पोथीचे पान दयानंदांच्या हाती देण्यात आले. ते वाचून पाहत असतानाच विशुद्धानंद उठले आणि जमावाने टाळ्या पिटल्या. दोन्ही पक्षांनी आपापल्या जयाची पत्रके काढली. कोण जिंकले हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. अर्थांतराचा दोष सभेत शिरला तेव्हा तो दाखवणारे कोणी उरले नव्हते आणि पन्नास वाक्यांत विषय तीनदा बदलला, एवढे नोंदवणे पुरे. तो जल्प होता. त्याच्या तुलनेत नाथांच्या प्रकरणात सभेने काळ दिला, हे तिचे मोठेपण मानले पाहिजे.

दरम्यान काशीत दुसऱ्या रीतीची परीक्षा आली होती. १७९१ साली रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी संस्कृत पाठशाळा स्थापन केली, तेव्हा तिच्या नियमांत विद्यार्थ्यांची वर्षातून चार वेळा रेसिडेंटसमोर परीक्षा घ्यावी असे ठरले. ब्राह्मणेतरांसमोर ज्यांची चर्चा करणे निषिद्ध मानले जाई तेवढे विषय वगळून. सभेसमोरच्या परीक्षेत सरकार येऊन बसले ते येथून. हीच पाठशाळा वाढत जाऊन १९५८ साली संस्कृत विश्वविद्यालय झाली आणि १९७४ पासून ती संपूर्णानंदांच्या नावाने ओळखली जाते. तेथे संशोधनाच्या पदवीला ‘विद्यावारिधि’ म्हणतात. नाव जुने वाटते. पदवी आधुनिक आहे.

भाषेचा प्रश्न मात्र नाथांनंतर साडेतीन शतकांनी त्याच नगरात पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी संस्कृतच्या जागी इंग्रजी होती. १९१६ साली स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात हिंदीचा विभाग श्यामसुंदर दास आणि रामचंद्र शुक्ल यांच्यासारख्यांनी उभा केला. तेथे पीतांबर दत्त बडथ्वाल या तरुण अभ्यासकाने कबीरादी निर्गुण संतकवींवर प्रबंध लिहिला. १९३३ साली त्यांना डी.लिट. मिळाली, हिंदी साहित्यावरील ही पहिली डी.लिट. मानली जाते. विषय हिंदी काव्याचा. कवी, त्यांतला मुख्य कवी तर, काशीच्या विणकरवस्तीतला. विद्यापीठ काशीचे. प्रबंध इंग्रजीत. लोकभाषेच्या बाजूने आयुष्यभर पंडितांना आव्हान देणारा कबीर त्याच्याच गावात, त्याच्याच भाषेच्या विभागात, तिसऱ्याच भाषेतून परीक्षेस बसला.

बडथ्वालांना दोष देण्याचे कारण नाही. उच्च पदवीच्या प्रबंधाची भाषा इंग्रजी हे तेव्हा सर्वत्र गृहीत होते, आणि नाथांप्रमाणे ते गृहीतकच पूर्वपक्ष म्हणून मांडण्याची सोय परीक्षार्थ्याला नव्हती. विषय निवडणे एवढेच त्याच्या हाती होते, आणि ज्या संतकवींना पंडिती समीक्षेने दूर ठेवले होते त्यांना विद्यापीठाच्या सभेत आणून त्याने ते हात वापरले. १९३६ साली हा प्रबंध इंग्रजीतच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बडथ्वाल १९४४ साली वारले. मूळ प्रबंधाचा संपूर्ण हिंदी अवतार वाचकांच्या हाती आला तो त्यांच्या पश्चात, परशुराम चतुर्वेदी यांच्या परिश्रमाने. आणि कबीरचौऱ्यावरच्या वाचकाला आपल्या कवीविषयी काशीच्या सभेने काय मान्य केले होते, ते तेव्हा कोठे वाचता आले.